कुठीमावशी

आमच्या दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीत खुद्द स्वर्गातून देवदूत उतरला असता, तरी कुठीमावशीनं त्याला दारातच उभा करून अध्याय आणि वचन विचारलं असतं. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते बहुतेक तिलाही आठवत नसावं. कोणी शास्त्रातलं काही बोललं की तिचा एकच प्रश्न यायचा, "कुठी लिवलं हाय?" त्यावरून ती लहानथोरांची कुठीमावशी झाली.

मावशी बायबलबाई होती. नवरा लवकर गेला, तिशीत अक्षरं शिकली, आणि मग आसपासच्या खेड्यांत, तांड्यांवर पायी हिंडून बायकांना गाणी आणि अक्षरं शिकवत राहिली. पावसात भिजून तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, इतकं फुगलं होतं, की ते मिटायला दोन गडी लागत. एकदा रानडुक्कर तिच्या वाटेत आडवं आलं, तिनं ते शास्त्र उगारलं, आणि डुक्कर जे पळालं ते फुलसावंगीला जाऊन थांबलं. ही गोष्ट गावात मीच पसरवली. उपासना सुटल्यावर मावशीनं मला गाठलं. "कुठी लिवलं हाय, बाबू?" मी म्हटलं, डुकराच्या पाठीवर. ती पदराआड हसली. "तुह्या बोलन्यातलं खरं निवडाले सूप घ्या लागते," म्हणाली.

रविवारी पाहुण्या उपदेशकानं वचन सांगितलं, की सगळी मंडळी माना वळवून बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या सतरंजीकडे बघायची. हा आमच्याकडचा रिवाजच पडला होता. मावशी दोऱ्यानं बांधलेला चष्मा सावरायची, ओळीवर बोट फिरवायची आणि म्हणायची, "हाय." मग उपदेशक पुढे सरकायचा. "नाही" म्हणाली की बिचाऱ्याला माघातही घाम फुटायचा. एका पाहुण्यानं साधी म्हण शास्त्रवचन म्हणून ठोकून दिली. मावशीनं तीन दिवस पुस्तक उलटंपालटं केलं आणि तो परत निघाला तेव्हा स्टेशन गाठलं. आमची छोटी रेल्वे इतकी सावकाश सुटते, की मावशी खिडकीबरोबर चालत त्याला समजावत गेली. "नाही हाय, भाऊ," हे सांगून होईपर्यंत पुढचं स्टेशन आलं, असं मी सांगतो. फलाटाचं टोक आलं होतं, हे खरं.

माझी बायको एस्तेर हिला वाचायला मावशीनंच शिकवलं. पोटच्या लेकीसारखी माया होती. एकोणीसशे साठच्या आसपास एस्तेरला क्षयानं धरलं. दर आठवड्याला तिला घेऊन मी त्याच रेल्वेनं यवतमाळला जायचो. सुया, गोळ्या, औषधाच्या बाटल्या. ती सुधारत होती. गालावर मांस आलं होतं. भाकरी थापताना पुन्हा गुणगुणायला लागली होती.

त्या दिवसांत आमच्याकडे एक उपदेशक आला. गोरापान, आवाज असा की तुरीच्या शेतात उभं राहून गायला असता तर शेंगा फुटल्या असत्या. प्रार्थना करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. माझ्यासारख्या थापाड्याला दुसऱ्याचं सोंग लगेच कळतं. त्याचं सोंग नव्हतं. त्याची शिकवण एवढीच, की ज्याचा विश्वास पुरा, त्याला औषध लागत नाही. औषध घेणं म्हणजे देवाला "तुझ्यानं होत नाही" म्हणणं. पुराव्याला त्यानं आसा राजा काढला. राजाच्या पायांना रोग झाला, तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला आणि मेला. इतिहासाचं दुसरं पुस्तक, सोळावा अध्याय, बारावं वचन.

माना वळल्या. मावशीचं बोट फिरलं, थांबलं.

"हाय," ती म्हणाली.

त्या एका शब्दानं सगळी मंडळी हलकी झाली. त्याच संध्याकाळी एस्तेरच्या बाटल्या विहिरीत गेल्या. त्या मी टाकल्या. दर आठवड्याच्या खेपांनी मी थकलो होतो, आणि देवानंच सुट्टी दिली म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

मावशी घरी गेली आणि तिनं अध्याय पहिल्यापासून वाचला. पुढच्या रविवारी, कोणी विचारलं नसताना, ती उभी राहिली. "म्या बाराव्या वचनाले हाय म्हनलं. ते हायच. पन म्या दहावं वाचलं नव्हतं. चुकी माही हाय." मग तिनं सांगितलं, की देवाच्या माणसानं आसा राजाला खरं ते सुनावलं, म्हणून राजानं त्याला कैदेत टाकलं आणि रयतेलाही छळलं. त्याचं देवाशी आधीच बिनसलं होतं. वैद्याकडे जाण्यात पाप असतं, तर हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला खुद्द संदेष्ट्यानं सांगितलं नसतं.

आमचे पाळकसाहेब सात गावांचे, त्या दिवशी ते नव्हते. पंचांतले गुरुजी उठले. "मावशी, आठ दिवसांत शास्त्र बदलते काय?" लोक हसले. मीही हसलो. जिनं आम्हाला विचारायची सवय लावली, तिला आम्ही बसवलं. उपदेशक त्याच आठवड्यात पुढच्या गावाला गेला, "हाय" मात्र आमच्यातच राहिलं.

मग मावशी रोज आमच्या दारात. एस्तेरला म्हणायची, "चाल माय, यवतमाळले चाल. म्या चुकली." एस्तेर हसून म्हणायची, "तुमीच त हाय म्हनलं, मावशी." खोकला परतला, ताप परतला, तरी ती हलली नाही. तीन महिन्यांनी कशीबशी तयार झाली. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

तिनं डोळे मिटायच्या आदल्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती मला म्हणाली, "मावशीले सांगजा, म्या तिच्या बोलन्यावर नाही थांबली. मलेच सुया नको झाल्या होत्या. तिचं नाव पुढं केलं."

हे मी मावशीला सांगितलं नाही. दफनाच्या वेळी ती कबरीपाशी मातीत बसली होती, तेव्हाही नाही. दोष तिच्यावरून उतरला असता, तर तो विहिरीपाशी आला असता. ती दोषी असणं मला हवं होतं. मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

त्यानंतर मावशीनं मंडळीत कधी "हाय" म्हटलं नाही. माना वळल्या की ती खाली बघून म्हणायची, "अख्खा अध्याय वाचा." पाळकसाहेबांनी ते मनावर घेतलं. आजही आमच्याकडे वचन एकटं वाचत नाहीत. पाहुणे उपदेशक कंटाळतात, उपासना ज्वारी पिकेपर्यंत चालते, पण त्या उपदेशकासारखा माणूस पुन्हा आमच्यात टिकला नाही. गुरुजींनी पुढे मंडळीसमोर तिची माफी मागितली. तिनं त्यांना चहा पाजला.

तीन वर्षांनी तिनं खाट धरली, तेव्हा मी गेलो. खाटेजवळ बसून एस्तेरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मग चेष्टा अजिबात नाही, खरंच कळावं म्हणून विचारल्यासारखं तिनं विचारलं,

"कुठी लिवलं हाय, बाबू?"

कुठेच नव्हतं. साक्षीला माणूस नव्हतं, कागद नव्हता. होतं ते माझं तोंड, आणि त्या तोंडानं डुक्कर फुलसावंगीपर्यंत पळवलं होतं. मी शपथ घेतली. तिनं माझा हात थोपटला. "मले बरं वाटावं म्हनून सांगतलं तुनं. चांगलं केलं," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. आठ दिवसांनी ती गेली, तो दोष उशाशी घेऊनच.

डुकराची गोष्ट दारव्ह्यात आजही लोक खरी मानतात. वरच्या मजकुरात पुस्तकाची जाडी, गाडीचा वेग, तुरीच्या शेंगा यांत मी हात मोकळा सोडला आहे, हवं तर सूप घ्या. एस्तेरचं बोलणं तेवढं पाखडू नका. ते जसंच्या तसं आहे.

इथं लिवलं हाय, मावशी.