अकरा नंबरची कॅसेट

बाबांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यातल्या एका खोट्या वाक्याला मी जबाबदार आहे.

आजोबांची बदली नागपूरहून भोपाळला झाली तेव्हा बाबा लहान होते. पुढे तेही सरकारी कचेरीतच चिकटले. दिवसभर चार इमलीच्या सरकारी बंगल्यांत राहणाऱ्या साहेबांच्या फायली, आणि संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तळ्यापलीकडे एका गीतकाराचं घर. या गीतकाराची गाणी आजही इथल्या प्रत्येक वरातीत वाजतात. ते एकटे राहत. बाबा पुस्तकासाठी टेपरेकॉर्डर लावून त्यांना प्रश्न विचारत, आणि मध्येच उठून त्यांच्या स्वयंपाकघरात दोघांचा चहा करत. या चहाचा बाबांना कोण अभिमान! प्रस्तावनेतलं पहिलंच वाक्य होतं, ‘त्यांच्या स्वयंपाकघरात मी घरच्या माणसासारखा चहा करत असे.’ आमच्याकडे कुणीही आलं की चहा बाबाच करणार आणि कप हातात देताना हे वाक्य ऐकवणार. आई होती तोवर ती मागे उभी राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवायची.

कॅसेटी ऐकून कागदावर उतरवायचं काम माझं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. अकरा नंबरच्या कॅसेटमध्ये बाबा चहा करायला उठतात आणि टेप चालूच राहतो. गीतकारांकडे कुणी दोस्त आलेला असतो. तो विचारतो, "ये कौन है?"

गीतकार म्हणतात, "मुफ़्त का मुंशी मिल गया है, मियाँ. लिखता भी है, चाय भी बनाता है."

मग दोघांचं हसणं. मग कपबशांचा आवाज आणि बाबांचं अदबीनं बोलणं, "शक्कर कम डाली है, जैसी आपको चलती है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या गाण्यांवर मी मैत्रिणींच्या लग्नांत नाचले होते! रागारागात मी टेप बंद केला, बऱ्याच वेळानं पेन उचललं आणि त्या जागी कंसात लिहिलं, ‘अस्पष्ट’. बाबा कॅसेटी पुन्हा ऐकत नसत, माझ्या अक्षरावर त्यांचा भरवसा होता. पुस्तकाची प्रुफंही मीच तपासली. चहाचं ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि जाऊ दिलं.

गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयानं बाबांचं हे सगळं बाड जपायला मागितलं. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण आठ दिवस त्यांच्या अंगात पंचविशीचा कारकून संचारला होता. प्रत्येक कॅसेटला चिठ्ठी, प्रत्येक कागदाला नंबर, सगळ्याची एका वहीत नोंद. संग्रहालयातल्या एक तरुण बाई घरी येऊन प्रत्येक कॅसेट माझ्या कागदांशी ताडून बघणार होत्या आणि बाबांनी पानापानावर सही करायची होती. आदल्या दिवशी मी अकरा नंबर उचलली आणि शिलाई मशीनच्या खणात टाकली. या वयात, स्वतःच्या घरात चोरी.

"अकरा नंबर कुठंय?" दहावी कॅसेट संपताच बाबांनी वहीवर बोट ठेवून विचारलं.

"तिला बुरशी लागली होती," मी म्हटलं.

"कोई बात नहीं आंटी," त्या बाई उत्साहानं म्हणाल्या, "फंगस तो हम साफ कर लेते हैं. दीजिए ना."

आता काय करणार? मी खण उघडून कॅसेट आणून दिली. ती तिथं काय करत होती, हे बाबांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शेवटची आशा बाबांच्या कानांवर होती. यंत्र लावूनही त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. पण बाईंनी त्यांच्या डोक्यावर चांगले जाडजूड हेडफोन चढवले, दुसरे स्वतः लावले आणि कॅसेट सुरू केली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त बाबांचं बोट बघत होते. ते माझ्या जुन्या अक्षरावरून ओळीमागून ओळ सरकत होतं आणि बाबा जुन्या आठवणींनी गालात हसत होते. तिसऱ्या पानावर बोट त्या कंसापाशी आलं आणि थांबलं.

"अंकल, यहाँ ‘अस्पष्ट’ लिखा है, पर आवाज़ तो बिलकुल..." बाईंनी बोलता बोलता बाबांकडे पाहिलं.

"फिर से लगाइए," बाबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा सगळं ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"काहून गाळलं तू?" बाबांना राग आला की त्यांच्या तोंडात नागपूर येतं.

"तुम्हाला लागलं असतं, बाबा."

"आन् प्रस्तावना? छापायच्या आधी वाचली होती ना तू?"

"हो."

"मी इतकी वर्षं येईल त्याला ते वाक्य ऐकवत राहिलो. आन् तू तिथंच बसून ऐकायची."

मला रडू फुटलं. त्या माणसानं बाबांचा अपमान एकदाच केला होता, मी तो दर पाहुण्यासमोर होऊ दिला. "ही कॅसेट देऊच नका," मी म्हटलं.

"फाईल अर्धी देत नसतात. पेन घे."

कचेरीत जसं सांगत असतील तसं, मला लिहायला वेळ मिळेल इतकं सावकाश, ते सांगू लागले. "मुफ़्त का मुंशी मिल गया है, मियाँ. लिहिलं? लिखता भी है, चाय भी बनाता है." मी ‘अस्पष्ट’वर काट मारून वर बारीक अक्षरात लिहीत गेले. "आता कंसात लिही, दोघंही हसतात."

मी लिहिलं.

"पुढं माझं बोलणं आहे. ते तू बरोबर उतरवलंयस." त्यांनी दुरुस्तीशेजारी छोटी सही केली आणि कागद बाईंकडे सरकवला.

बाई अवघडून उठायला लागल्या. "बैठिए, चाय पीके जाइए," बाबा म्हणाले, आणि खुर्चीतून हलले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा तू टाक."

मी स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांचा चहा मी या घरात कधी केलाच नव्हता. बाबा चहाचं आलं कुठं ठेवतात तेही मला ठाऊक नव्हतं. मी एकेक डबा उघडून बघत राहिले, पण बाहेर हाक मारून बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.