उजवं शिंग

त्या वर्षी सगळेजण मला फार जपत होते. मी चित्रकार. तीन वर्षं प्रदर्शनं, पुस्तकांची मुखपृष्ठं, लोकांच्या बंगल्यांच्या भिंती असं राब राब राबले आणि एका सकाळी ब्रश हातात धरला तर काहीच सुचेना. दुसऱ्या दिवशीही तेच. बघता बघता दहा महिने गेले. मैत्रिणी म्हणायच्या, "घाई करू नकोस." नवरा तर माझ्या कामाच्या खोलीवरून चवड्यांवर चालत जायचा, जणू आत कुणी आजारी निजलंय. या मायेनं मी आणखीच वैतागायचे. मनात भीती एकच होती, की हात गेला तो कायमचा.

कळंब्यात आमच्या घरामागे एका गवळीदादांचा गोठा आहे. आमचं दूध तिथलंच. दिवाळीच्या तोंडावर किटली घेऊन गेले, तर दादा हवालदिल होऊन बसलेले. पाडव्याला म्हैस नटवून चौकात मिरवायची म्हणजे मालकाच्या अब्रूचा प्रश्न, आणि त्यांचा नेहमीचा रंगारी तापानं अंथरुणाला खिळलेला.

"ताई, औंदा शिंगं तुमीच रंगवा की."

"दादा, मला हल्ली काही जमत नाही हो."

"म्हशीला कुठं कळतंय?" असं म्हणून ते धार काढायला बसले.

नाही म्हणायला चांगलं कारण हवं होतं. तेही सुचलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रंगांचा डबा घेऊन गोठ्यात गेले. दादा म्हशीला पेंड चारत होते, त्यामुळे डाव्या शिंगाच्या वेळी ती मुकाट उभी राहिली. पांढऱ्यावर केशरी, त्यावर हिरवी वेल. उजव्या शिंगाशी आले आणि पेंड संपली. मग तिनं मान अशी झटकली की पिवळा रंग माझ्या कुर्त्यावर, तिच्या कानावर आणि दादांच्या टोपीवर. मी घाईघाईनं चार ठिपके दिले, वेलीसारखं काहीतरी ओढलं आणि सुटले एकदाची.

पाडव्याला सकाळी चौकात हीऽ गर्दी. शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. मालकाच्या गाडीमागे म्हैस पळवायची ही इथली रीत. दादांनी मोटारसायकल भरधाव सोडली आणि म्हैस त्यांच्या मागे अशी उधळली की लोकांनी शिट्ट्यांनी चौक डोक्यावर घेतला. मीही वाजवली. परत येऊन ती थांबली, तेव्हा फेटा बांधलेले एक आजोबा तिच्याभोवती सावकाश फिरले.

"पावणं, शिंगं कुणी रंगवली?"

दादांनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"डावं झ्याक झालंय. उजवं नुसतं उरकलंय."

माझे कान तापले. म्हटलं, "म्हैस हलत होती."

"हलणारच की. ती काय फोटोला बसलीय व्हय?" आणि ते पुढच्या म्हशीकडे निघून गेले.

घरी येईपर्यंत मी त्या आजोबांशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होते. मोठे आले सांगणारे. यांनी धरावा एकदा ब्रश. पण वेल शेंड्याकडे बारीक होत जायला हवी होती, हे खरंच. आणि पिवळा नकोच होता तिथे, निळा हवा होता, गर्द निळा, म्हणजे केशरी उठून दिसला असता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी माझे पाय थबकले. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी रंगांचा विचार करत होते. तिथेच उभी राहून मोठ्यानं हसले. दुकानदारानं विचारलं, "काय झालं, ताई?" काय सांगणार त्याला? मला इतका आनंद झाला होता की मी गरज नसताना त्याच्याकडून अर्धा किलो पोहे घेतले.

पोहे नवऱ्याच्या हातात कोंबले, डबा उचलला आणि थेट गोठा गाठला. दादा मोरपिसं उतरवून म्हशीचे पाय धूत होते. मी रंग काढायचं तेल आणि चिंधी बाहेर काढली, तसे ते चकित होऊन बघायला लागले.

"आता कशाला, ताई? सण झाला की."

"सण तुमचा झाला," मी म्हटलं. "माझं उजवं शिंग राहिलंय. पेंड आणा."