वहिनीचं पदक आणि बारमाही झरा

मे महिन्यात साताऱ्याची हवा सोडून कोणी नवी मुंबईला फिरायला जात नाही. मी गेले, कारण माझ्या वहिनीला भूगोलातलं पदक मिळणार होतं आणि टाळ्या वाजवायला माहेरचं नाही तर निदान सासरचं कुणीतरी हवंच होतं. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. मग मीच बँकेत रजा टाकली. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. हल्ली पारसिकच्या डोंगरावर भटकायला जाणारी मंडळी मला वाट विचारतात, म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवते.

आधी वहिनीची ओळख. सुषमावहिनी ऐरोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. दादा महाप्याच्या एका कंपनीत होता. लग्नानंतर दोघं ऐरोलीतल्या नव्या कोऱ्या सोसायटीत राहायला गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून एक काळपट नाला वाहायचा. सगळे त्याला गटार म्हणत आणि खिडकी लावून घेत. वहिनीने मात्र शेजाऱ्यांना विचारलं, हे येतं कुठून? सेक्टर आणि प्लॉट नंबर सगळ्यांना पाठ होते, नाल्याचं उगमस्थान कुणालाच ठाऊक नव्हतं. झालं, बाई पेटली. पुढची कितीतरी वर्षं रविवार म्हटला की दादाच्या खांद्यावर पिशवी आणि वहिनीच्या हातात पेन्सिल. खाडीपासून डोंगरापर्यंत एकेक नाला तिने पायी उलटा चालून काढला. भराव टाकून वर इमारती उठल्या, त्याखाली कुठला ओढा कुठे वळतो याचा नकाशा तयार केला. त्यातला एक ओढा पारसिकच्या डोंगरातल्या झऱ्यापासून निघत होता. त्या झऱ्याशेजारी तिने एकच शब्द लिहिला होता, 'बारमाही'. पदक खरं म्हणजे त्या शब्दाला होतं.

हे पदक देणारी भूगोलवाल्यांची एक जुनी, लहानशी मंडळी आहे. त्यांची रीत भारी आहे. सभागृह, हार, पाहुण्यांची भाषणं काही नाही. ज्या जागेच्या शोधासाठी पदक, त्या जागेवर सगळ्यांनी जायचं, अध्यक्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची आणि मगच पदक द्यायचं. नाही पटलं तर पदक पिशवीत घालून परत. नंतर तो नकाशा त्यांच्या वार्षिक अंकात छापला जातो आणि अंक कॉलेजांत, सरकारी कचेऱ्यांत जातो. त्या वर्षी प्रथमच शाळेतल्या शिक्षिकेचं नाव निघालं होतं. शाळेतल्या बाईंनी मुलांकडून नकाशे भरून घ्यावेत, स्वतः कशाला काढावेत, असं एकदोघांनी बोलूनही दाखवलं होतं म्हणे. हे दादाने मला फोनवर सांगितलं, तेव्हाच मी जायचं पक्कं केलं.

तेव्हा द्रुतगती महामार्ग नव्हता. साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली, पुणे आलं, मग खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे रांगत खाली उतरलो. खोपोलीला गाडी थांबते तिथला बटाटेवडा गरम असेल तरच घ्या, गार असेल तर चहावर भागवा. वाशीला उतरले तर एपीएमसी मार्केटच्या बाजूला ट्रकांची ही गर्दी, आणि कांदा आणि हापूस यांचा मिळून एक वास. दादा हापूसची पेटी घेऊन उभाच होता, दुसऱ्या दिवशीच्या आमरसासाठी. ठाणे-वाशी रेल्वे अजून झाली नव्हती, त्यामुळे ऐरोलीपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्यानं बसच. पेटी मांडीवर घेऊन बसल्यामुळे मला तो रस्ता फारसा दिसला नाही, पण कारखान्यांच्या वासाचे सगळे प्रकार कळले.

घरी वहिनी पुऱ्यांचं पीठ मोजत होती आणि दर वेळी चुकत होती. मी चेष्टा केली की पदकवाल्या बाईंना चार वाट्या मोजता येईनात. ती हसली नाही. दिवाळीनंतर तिला झऱ्यावर जायला जमलंच नव्हतं, शाळेचं काम आणि मग बोर्डाचे पेपर तपासणं. आधीचे तीन उन्हाळे तिने झरा भरलेला पाहिला होता, पण यंदाचा उन्हाळा वेगळाच तापला होता. "वन्सं, आटला असला तर?" ती म्हणाली. मी तिला म्हटलं, झरा तुझ्यासारखाच हट्टी असणार, आटायचा नाही. पण खरं सांगते, मलाही धास्ती वाटायला लागली.

सकाळी उजाडायच्या आत मेटॅडोर आली. डझनभर माणसं, टोप्या, काठ्या, दुर्बिणी. अध्यक्ष मुकादम सर, महाडकडचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. पांढरी छोटी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि पायात चांगले मळलेले बूट. बोलायचे कमी. मला त्यांची भीतीच वाटली. दिघ्याच्या बाजूने चढायला सुरुवात केली. तुम्ही जाणार असाल तर पहाटेच जा, पाणी दुप्पट घ्या आणि माझ्यासारखं चपलांवर जाऊ नका. वाट कातळाची आहे, झाडं मोजकी, आणि ऊन चढलं की लपायला जागा नाही. वर पोहोचल्यावर मात्र एका बाजूला खाडी आणि तिच्या काठानं पसरलेलं नवं शहर असं दिसतं, की चपलेचा तुटलेला अंगठा विसरायला होतं.

झरा एका मोठ्या खडकाच्या पोटात आहे. आम्ही पोहोचून आत वाकून बघितलं. खळग्यात पाणी नव्हतं. मुकादम सरांनी वाकून आत हात घातला, बोटं पाहिली आणि म्हणाले, "ओल आहे. पाणी नाही." एका सदस्यांनी घसा खाकरला, म्हणजे मी म्हणालोच होतो अशा अर्थाचा. दादा दुसरीकडे बघू लागला. वहिनीचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. खडकाच्या फटीत कुणीतरी सिमेंटचा छोटा बांध घातला होता, तो तिने बघितला. त्यावर काटक्या आणि दगड रचले होते. ते बाजूला केले, तर आतून एक काळा प्लॅस्टिकचा पाइप निघाला. पाइप डोंगराच्या एका अंगाला उतरत होता. वहिनी त्याच्यामागे निघाली आणि तिच्यामागे सगळी भूगोल मंडळी.

कुठल्या बाजूला उतरलो, ते इथे लिहीत नाही.

खाली डोंगराला टेकून काही घरं होती. पाइप पहिल्याच घराच्या मागे गेला आणि वाळत घातलेल्या लुगड्याखाली दिसेनासा झाला. दारात एक बाई उभ्या होत्या. टोप्यांवाली, काठ्यांवाली एवढी माणसं आणि हातात कागद. त्यांनी आम्हाला सरकारी मोजणीवालेच समजलं आणि आम्ही काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "हतं पानी बिनी काय नाय. टँकरचा पितांव आमी."

आतून पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. आम्हाला येत होता, त्यांनाही येत होता.

घसा खाकरणाऱ्या सदस्यांचा एकदम उत्साह वाढला. ते म्हणाले, सापडलं, आता पाइपही नकाशावर घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच आनंद झाला होता. पण त्या बाईंनी नकाशा हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या वहिनीच्या अगदी जवळ आल्या.

"नकाशान लिवला का मग पाइप तोराला येतान. पोरांना काय पाजू?"

वहिनीने नकाशाची घडी घातली. शांतपणे घातली, शाळेत तास संपल्यावर घालायची तशी. मग ती मुकादम सरांना म्हणाली, "सर, बारमाही हा शब्द मी मागे घेते. झऱ्यात पाणी नव्हतं, एवढंच लिहा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे रविवार घातले, दादाने खांदा मोडून घेतला, लोकांची बोलणी खाल्ली, आणि पाणी समोर वाहत असताना ही नाही म्हणते? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या बाईंच्या मागे दारात उभी असलेली दोन लहान पोरं दिसली, नुकतीच आंघोळ झालेली, केसांतून पाणी गळत असलेली. मी तोंड मिटलं.

मुकादम सर जाऊन पायरीच्या दगडावर बसले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "बाय, तहान लागली आहे. थोडं पाणी मिळेल का?"

दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी नाही कसं म्हणायचं? त्या क्षणभर घुटमळल्या, मग आत गेल्या आणि तांब्या भरून आणला. सर सावकाश प्यायले. मग तांब्या आम्हा सगळ्यांमध्ये फिरला. पाणी थंडगार होतं आणि त्याला दगडाची चव होती. टँकरचं पाणी मे महिन्यात असं लागत नाही, हे कळायला भूगोल लागत नाही. सरांनी त्यांना विचारलं, हे कधी आटतं का? त्यांनी आधी वहिनीच्या हातातल्या घडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, कवाच नाय.

सर उठले आणि पिशवीतून पदकाची डबी काढली. "झरा बारमाही आहे. मी स्वतः प्यायलोय. कुठे प्यायलो ते छापायचं नाही." खाकरणारे सदस्य नियमाचं काहीतरी म्हणू लागले, तर सर म्हणाले, "पदक जागेवर द्यायचं असा नियम आहे. जागेचा पत्ता द्यायचा असा नाही."

आणि त्या अंगणात, पिंपाच्या आवाजात, माझ्या वहिनीच्या गळ्यात पदक पडलं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. अभिमान म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला रडू येत होतं आणि ते लपवायचीही इच्छा नव्हती. त्या बाईंनी विचारलं, हे कशाचं? वहिनी म्हणाली, पाणी शोधलं म्हणून. त्या खळखळून हसल्या. "त्यो त आमी शोधला."

वहिनी म्हणाली, "हो. तुमीच."

दुपारी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आमरस-पुरीची पंगत झाली. सोसायटीतले शेजारी पदक बघायला येत होते आणि प्रत्येक जण जिन्यातून उतरताना खिडकीखालच्या नाल्याकडे वाकून बघत होता. मुकादम सरांनी रसाच्या तीन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी वाशीहून साताऱ्याची एसटी पकडली.

वर्षअखेरीला अंक आला. नकाशात डोंगर आहे, झरा आहे, शेजारी 'बारमाही' आहे, आणि तिथून निघालेली निळी रेघ जरा पुढे जाऊन थांबते. पुढे काही नाही; पाणी खरं कुठे जातं ते दाखवायचं नव्हतं, आणि खोटी रेघ तिला काढायची नव्हती. अर्धवट नदी काढली म्हणून वहिनी मुलांचे मार्क कापायची, ती ही. कुण्या प्राध्यापकाने तिला लिहिलं की एवढं पाणी कुठेतरी जायलाच हवं, नकाशा सदोष आहे. तिने उत्तर दिलं नाही. अजूनही तो नकाशा कुणी दाखवला आणि ही चूक कशी राहिली विचारलं, तर ती मान्य करते आणि विषय बदलते. मला पदकापेक्षा त्या अपुऱ्या रेघेचा जास्त अभिमान आहे.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं ती आल्यागेल्याला सांगायची, की आमच्या सूनबाईंना भूगोलाचं पदक मिळालंय. कशाबद्दल, असं कुणी विचारलं की पदर सावरून, ताठ बसून म्हणायची, "ते सांगायचं नसतं."