काकवीचा वास

शेजारच्या वहिनी केंटकीहून आलेल्या बर्बन व्हिस्कीची चव घेऊन मोबाइलवर व्हिडिओतून परीक्षण करतात, तेही अंगणात, सासऱ्यांसमोर. आधी पेला नाकाशी नेतात, डोळे मिटतात, मग एकच घोट तोंडात घोळवत राहतात. फौजेतून निवृत्त झालेले सासरे मोबाइल धरून विचारतात, "कशी हाय गं?" आमच्या घरी मला भाजीतलं मीठसुद्धा कोणी विचारत नाही.

परवा त्यांनी कुंपणावरून पेला माझ्यापुढे धरला. "नुसता वास घे. कशासारखा येतोय?"

थेट कडेगावच्या गुऱ्हाळातल्या गरम काकवीसारखा. पण मागे आई उभी होती.

"मला नाही कळत त्यातलं," मी म्हणाले.

वहिनींनी स्वतः पुन्हा हुंगलं. "काकवी!"

"लय भारी!" सासरे हसले.

मागून आई कौतुकानं म्हणाली, "व्हय आबा, नाक लय तिखट हाय तुमच्या सुनंचं."