अळंबी, मारांडी आणि बाई

"फरक शेंबडं पोरही सांगेल. साम्य सांग!" चष्मा कपाळावर ढकलून आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणायच्या.

टेबलावर डावीकडे बरणीत फॉर्मलिनमध्ये बुडवलेली अळंबी, ठाण्याच्या डोंगरातल्या रानातून आणलेली. उजवीकडे कोपरच्या खाडीतल्या चिखलातली मारांडी, काटेरी पानांची, निळ्या फुलांची. आम्ही घडाघडा सुरू व्हायचो. एक बुरशी, एक झुडूप. एक सावलीतली, एक उन्हातली. एक चार दिवसांची, दुसरी बारमाही. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शून्य द्यायच्या. अशा बाई तुम्हालाही भेटल्या असतील. नसतील, तर तुमचे गुण तेवढे वाचले.

पुढे माझं आणि शलाकाचं जमलं, पण लग्न अडलं. आम्ही कोपरचे आगरी. शलाकाचे वडील माजिवड्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. बैठक आमच्या घरी होती आणि शेजारच्या म्हणून बाईही आल्या होत्या.

"आमच्यात हलदीला सगला गाव जेवतो," बाबा म्हणाले.

"आम्हाला पन्नास माणसं पुरे. आणि जेवण शाकाहारी," तिचे वडील म्हणाले.

मग मुहूर्ताचा वाद निघाला, हळदीत नाचायच्या बेंजोचा निघाला, मासळीचा तर निघालाच. तिच्या वडिलांनी निघायला म्हणून आपली पिशवी उचलली.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "फरक झाले सगळे पाठ. आता साम्य सांगा."

शलाकाची आई म्हणाली, "दोघेही बाप हेकट आहेत."

"एकदम बराबर!" स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली. आधी बाबा हसले, मग तिचे वडील. पिशवी खाली आली. लग्न त्यांच्या पद्धतीनं आणि हळद आमच्या, असं ठरलं.

हळदीला बाई बेंजोवर इतक्या नाचल्या की चष्मा दोनदा पडला. दम खायला बसल्या तेव्हा मी विचारलं, "बाई, आता तरी सांगा. त्या अळंबी-मारांडीत साम्य काय?"

"मला कुठं ठाऊक आहे रे! इतकी वर्षं विचारतेय. सांगेल कुणीतरी."

गेल्या वर्षी बाई गेल्या. बरणी त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. परवा ती पुसता पुसता शलाका म्हणाली, "अरे, बाईंची ती अळंबी आणि मारांडी, दोन्ही कुणी लावलेल्या नसतात. आपल्या आपण उगवतात. आपलं जमलं तेही तसंच नव्हतं का?"

मी उडालोच. बाईंना सांगायलाच हवं होतं. चपला पायात सरकवून धावत त्यांच्या दारापर्यंत गेलो, बेलकडे हात नेला आणि मग कुलूप दिसलं.