बाळ्याचा इस्त्रीचा शर्ट

अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची ताई शिंपीण. बाळ्या आमचा धाकटा भाऊ, तिच्याकडेच राहतो. चाळिशी आली तरी सगळ्यांचा बाळ्याच. तरुणपणी त्याचं मन आजारी पडलं ते पडलंच. कधी भिंतीकडे बघत बसतो, कधी गॅस सुरू करून विसरून जातो. ताई दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावायची आणि दिवसभर मशीन चालवताना जीव टांगणीला.

अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे, तेही फुकट, हे तिला कळलं एका गिऱ्हाइकाकडून. ज्यांना हे सांगायचा पगार मिळतो ते काय झोपले होते? केंद्रात जागा हवी तर अपंगाचा दाखला आणा म्हणे. कल्याण खात्याचा कारकून म्हणाला, इस्पितळात जा. इस्पितळवाले म्हणाले, आधी खात्याची चिठ्ठी आणा. ताईनं उंबरे झिजवले, तेव्हा कुठे तपासणीची तारीख मिळाली.

त्या दिवशी तिनं बाळ्याची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावून दिली. घरचा माणूस गबाळा दिसला तर शिंपिणीचं नाक कापलं जातं ना! डॉक्टरांनी विचारलं, "स्वतःचं स्वतः आवरता का?"

"हो," बाळ्या म्हणाला. परक्यांसमोर तो सगळ्यालाच हो म्हणतो.

"ठणठणीत दिसतायत की!" डॉक्टर म्हणाले. ताई सांगायला गेली तर तिला गप्प केलं. दाखला नाही.

"पुढच्या वेळी मळक्या कपड्यांत ने," मी म्हणाले.

"मेले तरी नेणार नाही," ताई फटकन बोलली.

मग कुणीतरी मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंचा पत्ता दिला. भली बाई! तिनं भांडून फेरतपासणी मिळवली. मीही सोबत गेले. तेच डॉक्टर, तोच प्रश्न आणि बाळ्याचं तेच "हो".

ताई उठली. तिनं त्याच्या शर्टाची सगळी बटणं काढली. "लाव आता, बाळ्या."

त्यानं बटण चिमटीत धरलं. काज सापडेना. उघड्या छातीनं तो कधी बटणाकडे बघे, कधी ताईकडे. दारातली माणसं माना उंचावून बघत होती. माझ्या मनात आलं, टेबल उलटं करावं. ताई मात्र डॉक्टर "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत हलली नाही.

दाखला मिळाला. केंद्रात जागा मिळाली, दाराचं कुलूप निघालं. लोक म्हणतात, ताईनं जिंकलं. डोंबल जिंकलं! जिनं त्याला जन्मभर चारचौघांत नीटनेटकं ठेवलं, तिलाच त्याला उघडं पाडायला लावलं मेल्यांनी.

त्या दिवसापासून ताई शर्टाला हात लावायला गेली की बाळ्या कॉलर मुठीत घट्ट धरून मागे सरकतो. आता तो डोक्यावरून घालायच्या सदऱ्यांत केंद्रात जातो. ताईनंच शिवलेत. एकालाही बटण नाही.