बायकांना उठवून उभं करणारी वसू

अविनाशचा फोन आला तेव्हा मी इस्पितळाच्याच वाटेवर, रिक्षात होते. "वसू गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत उताणीच होती गं." रिक्षावाला विचारत होता, पुढे कुठे घेऊ. मी इस्पितळाचंच नाव सांगितलं.

वसू म्हणजे डॉक्टर वसुधा, माझी शाळेपासूनची मैत्रीण. अविनाश तिचा नवरा. तिने जन्मभर बाळंतपणं केली. सुरुवातीला सदाशिव पेठेतल्या एका प्रसूतिगृहात उमेदवारी करत होती. तिथे कळा सुरू झाल्या की बाईला टेबलावर उताणं निजवायचे, ते मूल होईपर्यंत. वसू माझ्या घरी येऊन चिडायची. "कळ आली की बाई आपसूक उठू बघते गं, आणि आम्ही तिला दाबून धरतो. बाळाने काय चढ चढून बाहेर यायचं?" एकदा तिने एका बाईला खाली उतरवून चालायला लावलं, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "ही व्यायामशाळा नाही." वसूने नोकरी सोडली आणि पुण्याबाहेरच्या धायरी गावात स्वतःचं छोटं प्रसूतिगृह काढलं.

माझी मुलगी तिथलीच. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, त्यामुळे कळ पोटात नाही, कमरेत यायची. कुणीतरी करवत चालवतंय असं वाटे. वसूने मला जमिनीवर गादी घालून हातागुडघ्यांवर ओणवं व्हायला सांगितलं. "अगं, लाज वाटते," मी म्हणाले. "लाज नऊ महिन्यांपूर्वी वाटायला हवी होती," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी माझी कंबर दाबत राहिली. हळूहळू बाळ फिरलं. शेवटी मी कुशीवर असताना मुलगी झाली. दर वेळी असं जमत नाही, हे तीच सांगायची. बाळाचे ठोके मंदावले तर सिझेरियनला क्षणाचाही उशीर करायची नाही. पण बाईला बळेच आडवं केलेलं तिला खपत नसे. गावातली एक सासू तिला म्हणाली होती, "आमी उकिडवंच बसायचो की, डॉक्टरीणबाई. ह्यात नवं काय हाय?" वसू खूप हसली होती. "काहीच नाही, आजी."

मग धायरीत इमारती आल्या. लोक मुहूर्त काढून सिझेरियन मागायला लागले. शिकायला आलेल्या तरुण डॉक्टर कौतुक करायच्या, आणि मोठ्या हॉस्पिटलात लागल्या की पुन्हा पेशंटला आडवं करायच्या. "मॅडम, एकेकीला एवढा टाइम कोण देणार?" प्रसूतिगृह बंद केलं त्या संध्याकाळी ती म्हणाली, "माझ्यामागे हे कुणी करणार नाही. मी नुसता हट्ट केला सगळी वर्षं." ती खरं तेच बोलत होती...

पुढे तिला कॅन्सर झाला. तो मणक्यात उतरला तेव्हा तिला हलवायची बंदी झाली. छताकडे बघत पडून असायची. "मला कुशीवर कर ना," ती म्हणाली. मी सिस्टरकडे पाहिलं. बिचारी हळूच म्हणाली, "नाही करता येणार, मॅडम. मणका सरकेल." वसूने डोळे मिटले. मग म्हणाली, "मला मूल नाही. त्या टेबलावरच्या बायकांना काय वाटत असेल ते मी नुसतं वाचून सांगत होते गं. आता कळलं... आणि आता कुणाला सांगू?" हे आमचं शेवटचं बोलणं.

परवा अविनाशबरोबर धायरीला गेले. त्याने ती जागा आता एका क्लासला भाड्याने दिली आहे, त्यासाठी रंगकाम काढलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत खिडकीजवळच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, मोठा काळपट पट्टा होता. कळ आली की बायका उभ्या राहून तिथे तळवे टेकवायच्या. घामाचे, तेलाचे हात, एकावर एक. कुठले कुणाचे, ओळखू येत नव्हते. माझेही त्यातच असणार.

रंगारी डबा घेऊन आत आला. त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"तेलकट आहे, साहेब. एका हातात झाकलं जायचं नाही, दोन हात मारावे लागतील."

अविनाशने मान हलवली. "मारा," तो म्हणाला.